गुडीगुडी, साजूक की बेगडी? नेमका शब्द कोणता?

काठावरचा

मंडळी, एक शब्द अडलाय आणि त्यापायी घरात थोडी धुसफूस झालीये.

आमच्या आजोबांचं, म्हणजे अण्णांचं, जन्मशताब्दी वर्ष आहे. घरच्या घरी वीस-पंचवीस पानांची स्मरणिका काढायचं ठरलं आणि 'तू नेटवर लिहीत असतोस ना' म्हणून मुख्य लेख माझ्या गळ्यात पडला. अण्णा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. मी चार रात्री जागून लिहिलं. शिस्तीचे, मितभाषी, निर्व्यसनी, सायकलवरून ड्यूटीला जाणारे, दारी आलेल्याला रिकाम्या हाती न पाठवणारे. शेवटी 'अण्णा म्हणजे चालताबोलता आदर्श' असं एक वाक्यही टाकलं. ते मला स्वतःला फार आवडलं होतं.

चुलतबहिणीने वाचून एका ओळीत निरोप धाडला : "दादा, छान झालंय, पण फारच गुडीगुडी."

झोंबलं. पण झोंबून झाल्यावर वाटलं, यातलं एक अक्षर खोटं नाही. अण्णा होतेच निर्व्यसनी, जायचेच सायकलवर. मग गुडीगुडी म्हणजे नेमकं काय? खोटं? अतिगोड? भाबडं? आणि हे सांगायला मराठीत आपला शब्द नाही का?

पिंपळपार

गोग्गोड. विषय संपला.

काठावरचा

गोग्गोड लहान मुलाच्या पाप्यालाही म्हणतात हो. बहिणीच्या आवाजात पापा नव्हता.

पिंपळपार

मग गोडमिट्ट. नाहीतर गुळचट. जिभेवर राहतं आणि नकोसं होतं.

शब्दांचा हमाल

थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

इंग्रजीत पूर्वी साध्या घरातल्या लग्न झालेल्या बाईला 'गुडी' म्हणून हाक मारत. 'गुडवाइफ'चं ते आखूड रूप. १७६५ साली लंडनच्या जॉन न्यूबेरीने मुलांसाठी एक पुस्तक छापलं, 'गुडी टू-शूज'. गरीब, अनाथ, पण सद्गुणांची पुतळी अशी मुलगी आणि शेवटी तिचं भलं. ते इतकं खपलं की आपल्या चांगुलपणाचं प्रदर्शन मांडणाऱ्या माणसाला पुढे त्याच नावाने चिडवू लागले. 'गुडी-गुडी' त्याच घरातला शब्द.

तिकडे तो मुख्यतः माणसाला लागतो. वर्गात सरांची पुढे पुढे करणारा, कधीच न चुकणारा, तो गुडी-गुडी. मराठीत आल्यावर मात्र शब्दाने घर बदललं. आपण माणसाला क्वचितच म्हणतो. आपण म्हणतो, मालिका गुडीगुडी आहे, लेख गुडीगुडी आहे, बैठकीत सगळं गुडीगुडी चाललं होतं. म्हणजे चित्रणाला म्हणतो, वातावरणाला म्हणतो. तुमची बहीण अण्णांना काही म्हणाली नाही. ती तुमच्या लेखाला म्हणाली, एवढं ध्यानात घ्या.

आणि हा शब्द इथे इतका रुळला, कारण गोडगोड, छानछान, गुळगुळीत अशी जोडीने चालणारी मंडळी आपल्याकडे आधीच बसलेली होती. त्यांनी सरकून जागा करून दिली.

मेनरोडवाला

आमच्या कट्ट्यावर चालणारा शब्द 'साजूक'. साजूक तुपातली गोष्ट, साजूक तुपातलं नाटक. नायिका सोज्वळ, सासू समजूतदार, भांडण झालं तरी आवाज चढत नाही आणि घरात कुणाला खोकलासुद्धा येत नाही.

रोकडे पाटील

साजूक आणि गुडीगुडी एक नव्हे. साजूक म्हणताना विशिष्ट घरांकडे बोट असतं, हे उघड बोलूया. ज्यांच्या ताटात रोज साजूक तूप पडत होतं त्यांच्या कथा. आमच्याकडे सणाला डालडा यायचा, त्यामुळे आम्ही साजूक लिहायचं म्हटलं तरी जमणार नाही. ह. घ्या.

मेनरोडवाला

हलकं घेतलं. मुद्दा मात्र जड आहे. मान्य.

तांबट आळी

बेगड, मुलामा आणि कल्हई ही तीन भांडी लोक एकाच फळीवर ठेवतात म्हणून लिहितो. आमचा पिढ्यांचा भांड्यांचा धंदा.

बेगड म्हणजे चकचकीत पातळ पत्री. मखराला लावायची, सण संपला की टाकायची. ती सोनं असल्याचा दावा करत नाही, लांबून तेवढी चमकते. मुलामा दावा करतो : आत पितळ, वर सोन्याचं पाणी. तिथे फसवायची सोय आहे. आणि कल्हई तिसरीच गोष्ट. लहानपणी पाहिलेली अजून डोळ्यांपुढे आहे. भात्याने कोळसे फुलवायचे, पातेलं उपडं-सुलटं करत तापवायचं, आत नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठून नाकात जायचा, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका हिसक्यात फिरवायची. काळवंडलेलं पातेलं डोळ्यांदेखत चांदीसारखं. ही चमक दिखाऊ नाही. कल्हई नसेल तर पितळेत ताक कळकतं, आमटी हिरवट होते. ती खाणाऱ्याच्या रक्षणासाठी असते.

म्हणून लेखाला 'बेगडी' म्हणण्याआधी बघा. काही घरांत मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलतात ते कल्हईसारखं असतं. मागे राहिलेल्यांना बाधू नये म्हणून.

शब्दांचा हमाल

वा! 'बेगडी' शब्दात आज आपण जो खोटेपणाचा आरोप ऐकतो तो मूळ वस्तूत नव्हताच, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

डार्करूम

मी सत्तरीचा आहे, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. मेनरोडच्या मागच्या गल्लीत आमचा स्टुडिओ होता. आमच्या धंद्यात या प्रकाराला सरळ शब्द होता : टचिंग.

स्थळासाठी मुलीचा फोटो काढायला मंडळी यायची. आई बाजूला घेऊन हळूच म्हणायची, "काका, जरा टचिंग करा." कृष्णधवल निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावर मुरमाचा काळा डाग असेल तर तिथे निगेटिव्ह पारदर्शक. मग भिंगाखाली, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने तिथे बारीक बारीक ठिपके भरायचे. पेन्सिलीचा काळा रंग प्रिंटमध्ये उजळ होऊन उतरतो आणि डाग जातो. एका चेहऱ्याला तास-दीड तास सहज लागायचा.

वडिलांनी एकच नियम शिकवला होता : डाग काढायचा, तीळ ठेवायचा. डाग पंधरा दिवसांनी जाणारच असतो. तीळ गेला तर ती पोरगी ती राहत नाही. नवशिका कारागीर तीळही पुसायचा, डोळ्यांखालची सावलीही पुसायचा आणि मग सगळ्या मुली एकसारख्या दिसायला लागायच्या. हल्ली मोबाइल हे काम क्षणात करतो आणि तीळ आधी पुसतो.

पिंपळपार

काका, धाग्याचं नाव बदलून 'डाग काढायचा, तीळ ठेवायचा' करा कुणीतरी.

निफाडचा

राम राम. आमच्याकडं याला शब्द आहे पण तो तुम्हाला माहीत नसणार : विरळणी.

हल्ली थंडीत शहरातली मंडळी द्राक्षाच्या बागेत येतात, फोटो काढतात. घड कसा? प्रत्येक मणी सारखा, फुगीर, एकाला एक लागून पण दाबलेला नाही. लोकांना वाटतं वेलीला असाच लागतो. असा लागत नाही भो! वेलीला लागतो तो गच्च, वेडावाकडा, लहान-मोठा. मग ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, मणी बारीक असतानाच, बायका ओळीनं घडाखाली उभ्या राहतात, मान वर करून दिवसभर, हातात बारीक कात्री, आणि घडातले मणी काढून टाकतात. काढलेले मणी खाली मातीत. त्याच्या आधी-नंतर जीएच्या, म्हणजे वाढीच्या औषधाच्या, पाण्यात प्रत्येक घड बुडवायचा. मधेच ढगाळ हवा आली तर डावणी, मग भुरी असे रोग, आणि देवाच्या मनात आलं तर काढणीच्या आठ दिवस आधी गारा. त्यातलं काही फोटोत येत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडं. तुम्ही म्हणता लेखात खोटं काही नाही. बरोबर आहे. फोटोतल्या घडातला एकही मणी खोटा नसतो. फक्त जे काढून टाकलं ते मातीत पडलेलं असतं.

काठावरचा

निफाडचे भाऊ, हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. म्हणजे डार्करूमकाकांचं टचिंग हे भरणं, आणि तुमची विरळणी हे काढणं. मी टचिंग केलं नव्हतं, विरळणी केली होती.

शब्दांचा हमाल

अगदी. 'अतिशयोक्ती' हा शब्द तुमच्या लेखाला का लागत नाही याचं उत्तर यात आलं. अतिशयोक्तीत काहीतरी वाढवावं लागतं. गुडीगुडी व्हायला काहीच वाढवावं लागत नाही, वगळलं की झालं.

रोकडे पाटील

याच अंगाने एक. 'आमचं गाव' छापाचे लेख वाचा. पार, देऊळ, नदी, पाणवठा, आजीच्या हातची भाकर. पाणवठ्यावर कुणाला घागर लांब धरून, कुणी वरून ओतेल तेवढंच पाणी मिळत होतं, हे त्या लेखात नसतं. लिहिणाऱ्याने खोटं लिहिलेलं नसतं, त्याला तो पाणवठा तसाच दिसला होता.

नाशिकचंच घ्या. पंचवटीवरच्या किती गोड आठवणी लिहिल्या जातात. काकड आरती, घाट, पहाटेचं धुकं. त्याच काळाराम मंदिराच्या दारात प्रवेशासाठी २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखी इथली माणसं त्यात पुढे होती. आरतीचं वर्णन चुकीचं नाही, पण ते वर्णन देवळाच्या आत उभं राहून केलेलं असतं. म्हणून मला गुडीगुडी हा शब्द फार सौम्य वाटतो. त्याने लिहिणारा नुसता भाबडा ठरतो.

मेनरोडवाला

मग कोणता शब्द वापरायचा?

रोकडे पाटील

शब्द नको, प्रश्न विचारायचा : कुठे उभं राहून लिहिलंय?

सोळा आण्यांची

मी विरुद्ध बाजूने बोलू का? गुडीगुडी म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना एकदा आमच्या घरी संध्याकाळी सातला बोलवायचंय. आई ब्याऐंशीची, विसरत चाललीये. मी दिवसभर बँकेत, मग घरी हे. साडेसातला एक मालिका लागते, त्यात कुणीच कुणावर ओरडत नाही. मलाही कळतं की असं घर पृथ्वीवर नाही. पण त्या अर्ध्या तासात आई शांत बसते, आणि मधेच सुनेचं कौतुक करते. ती सून म्हणजे मीच असं तिला वाटतं. मी तिची मुलगी आहे. वास्तववादी काही लावलं तर रात्री झोपत नाही.

तेव्हा 'गुडीगुडी' म्हणजे शिवी नव्हे. औषधाच्या गोळीवरचं साखरेचं आवरण समजा.

निफाडचा

ताई, पटलं. आमची म्हातारी पण तेच बघते.

रोकडे पाटील

ताई, मालिकेला माफी. ती स्वतःला मालिका म्हणवते. 'आमचं गाव' स्वतःला आठवण म्हणवतं, माझं भांडण तिथे आहे.

रीलवाली पोर

फॅनफिक्शन, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, वाचणाऱ्यांत याला 'मेरी सू' म्हणतात. १९७३ मध्ये पॉला स्मिथ नावाच्या बाईंनी स्टार ट्रेक या अंतराळातल्या मालिकेवरच्या हौशी कथांची टिंगल म्हणून एक छोटी कथा लिहिली. त्यातली मेरी सू साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सगळ्यात लहान लेफ्टनंट, सगळं येणारी, सगळ्यांना आवडणारी. तेव्हापासून अशा पात्राचं नावच ते पडलं. दादांचे अण्णा म्हणजे मेरी सू. सॉरी दादा.

काठावरचा

अण्णांना मेरी सू म्हणलेलं कळलं असतं तर त्यांनी आधी अर्थ विचारला असता आणि मग दोन दिवस बोलले नसते.

पिंपळपार

अहो, हे लिहा ना लेखात!

जनस्थानी

तुमच्या मूळ लेखातल्या 'आदर्श' या शब्दाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून येतो.

संस्कृतात आदर्श म्हणजे आरसा. ज्यात दिसतं तो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 'धूमेनाव्रियते वह्निर्यथादर्शो मलेन च' आहे. धुराने अग्नी झाकावा, मळाने आरसा झाकावा तसं. आणि आपला 'आरसा' हा शब्द त्याच 'आदर्शा'चा प्राकृतातून घासत घासत आलेला भाऊ. एकाच आईची दोन पोरं : एक न्हाणीघरात खिळ्याला टांगलेलं, दुसरं सभागृहात हार घालून ठेवलेलं. एक जसं आहे तसं दाखवतं, दुसरं जसं असावं तसं.

दुसरी गोष्ट. गुडीगुडीचा कंटाळा आजचा आहे असं समजू नका. आपल्याकडे नायकाचे चार प्रकार बांधलेले होते, त्यात धीरोदात्त सगळ्यात वरचा, आणि राम म्हणजे त्याचा मेरुमणी. पण आठव्या शतकातल्या भवभूतीने 'उत्तररामचरिता'च्या पाचव्या अंकात काय केलंय पाहा. लव, ज्याला राम आपला बाप आहे हे ठाऊकच नाही, तो लक्ष्मणाच्या मुलाशी, चंद्रकेतूशी, बोलता बोलता म्हणतो, मोठी माणसं ती, त्यांच्या चरित्राचा विचार करू नये, राहू दे. आणि राहू दे म्हणत तीन गोष्टी काढतो : बाईमाणसाला, म्हणजे ताटकेला, मारलं ती, वालीला मारताना दाखवलेलं 'कौशल्य', आणि खर राक्षसाशी लढताना मागे घेतलेली तीन पावलं.

खराशी लढाई झाली ती जनस्थानात. म्हणजे परंपरेने आपल्याच गावात. तुम्ही-आम्ही ज्या पंचवटीत रिक्षा लावतो तिथल्या कुठल्याशा जागी घेतलेली ती तीन पावलं बाराशे वर्षांपूर्वीच्या कवीला गाळावीशी वाटली नाहीत. त्याने ती ठेवली, आणि ठेवली कुणाच्या तोंडी, तर मुलाच्या. त्याने राम लहान होत नाही. उलट पुढे लवाला बाप कळतो तेव्हा डोळ्यांत पाणी येतं.

डार्करूम

म्हणजे भवभूतीने तीळ ठेवला.

तांबट आळी

🙏

मेनरोडवाला

अवांतर : पतिव्रतेच्या आदर्शाचं आपल्या गावाशी अजून एक नातं. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती व्हायला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. आणि १९१७ च्या 'लंकादहना'त तर रामही तेच आणि सीताही तेच. आदर्श जोडपं म्हणतात ते हे, भांडायला दुसरं माणूसच नाही.

सोळा आण्यांची

😀 या अण्णांचा लेख मात्र गुडीगुडी होणं शक्यच नाही.

काठावरचा

मंडळी, पाच दिवस गायब होतो. लेख परत लिहिला. 'चालताबोलता आदर्श' काढून टाकलं. निर्व्यसनी, सायकल, सगळं आहे तसंच आहे. मधे एक परिच्छेद घातला, तो इथे डकवतो :

"अण्णा आणि त्यांचे धाकटे बंधू जुन्या नाशकात एकाच वाड्यात राहत. वाड्याच्या पन्हळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडावं यावरून दोघांत बिनसलं आणि चौदा वर्षं ते एकमेकांशी बोलले नाहीत. सकाळी दोघं एकाच नळावर पाणी भरत. अण्णांची बादली भरली की ते ती उचलत आणि नळ चालूच ठेवत, म्हणजे भावाला सोडावा लागू नये. तेवढंच. दिवाळीला फराळाचं ताट आमच्यापैकी कुणाच्या तरी हाती पलीकडे जायचं, आणि पलीकडून ताट यायचं. एका वर्षी पलीकडचं ताट घेऊन मी परत आलो तर अण्णांनी थांबवलं, चिमूटभर चिवडा तोंडात टाकला आणि म्हणाले, 'त्याला सांग, चिवड्यात मीठ कमी आहे.' चौदा वर्षांतलं त्यांचं भावाला उद्देशून पहिलं वाक्य ते. मी धावत जाऊन सांगितलं. धाकटे आजोबा हातातला पेपर खाली ठेवून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले."

निफाडचा

भाऊ.

रोकडे पाटील

पन्हळीचं पुढे काय झालं?

काठावरचा

पन्हळ तशीच राहिली. वाडा पडला.

शब्दांचा हमाल

घरी दाखवलंत का? बहीण काय म्हणाली?

काठावरचा

बहिणीने नुसता अंगठा पाठवला. मला भीती आत्याआजीची, म्हणजे अण्णांच्या बहिणीची, होती. नव्वदीला टेकलीये, दोन्ही भावांची लाडकी, घरातलं बाहेर काढलं म्हणून रागावेल असं वाटलं. तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "सगळं बरोबर लिहिलंयस. फक्त मीठ कमी नव्हतं, जास्त होतं. तेवढं दुरुस्त कर."